विवाल्डी शिकवायचा ती 'मुलींची शाळा' नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा रविवारच्या पुरवणीत विवाल्डी या जुन्या इटालियन संगीतकारावर अर्ध्या पानाचा लेख दिलात त्याबद्दल आधी मनापासून आभार. बाख-बीथोव्हेनचं नाव मराठी पेपरात अधूनमधून दिसतं, विवाल्डीवर असा वेगळा लेख मी तरी पहिल्यांदाच वाचला, चहा गार होऊ दिला पण आधी लेख संपवला आणि कात्री घेऊन कात्रणही काढून ठेवलं. पण त्यातलं एक वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून हे लिहायला बसले. "विवाल्डी काही काळ व्हेनिसमधल्या मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवत असे." एवढंच, आणि लगेच पुढच्या ओळीत त्याची ती चार ऋतूंवरची प्रसिद्ध रचना, फोर सीझन्स, सुरू. अहो, ती शाळा नव्हती हो. ते अनाथालय होतं, आईबापांनी सोडून दिलेल्या तान्ह्या पोरांचं, आणि "काही काळ" म्हणजे मध्ये खंड पडत पडत का होईना पण १७०३ पासून १७४० पर्यंत, सदतीस वर्षं त्या घराशी त्याचं नातं होतं. पत्र लांबणार आहे, जागा कमी असेल तर माझ्याबद्दलचं कापा, त्या मुलींबद्दलचं तेवढं राहू द्या.

मी परळला राहते, शाळेत संगीत शिकवण्यात सगळी नोकरी गेली, आता रिटायर आहे. व्हायोलिन लहानपणी माझगावला एका गोवेकर सरांकडे शिकले. सर दिवसा स्टुडिओत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवायचे आणि संध्याकाळी दोन खोल्यांच्या घरात आम्हा पोरांना शिकवायचे, फी कुणी दिली तर दिली. नोटेशन त्यांनी आधी बोटांच्या पेरांवर शिकवलं मग कागदावर. पहिला खराखुरा मोठा पीस त्यांनी हातात दिला तो विवाल्डीचा, ए मायनरमधला, व्हायोलिन शिकणाऱ्या बहुतेक पोरांच्या हातून तो जातोच. तेव्हा विवाल्डी कोण हे मला कुठे माहीत, मला वाटलं सरांच्या गावचाच कुणीतरी असेल. तो पीस ज्या संग्रहातला, तो १७११ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला, बारा कॉन्चेर्टोंचा संच (कॉन्चेर्टो म्हणजे एखाद-दोन वाद्यं पुढे आणि बाकीचा वाद्यवृंद साथीला अशी रचना), आणि तिकडे जर्मनीत तरुण बाखच्या हातात त्यातले कॉन्चेर्टो पडले तर त्याने ते बसून ऑर्गन आणि हार्पसिकॉर्डसाठी, म्हणजे पियानोच्या आधीच्या पेटीसाठी, उतरवून काढले. चार व्हायोलिनचा एक होता त्याचा पुढे त्याने चार हार्पसिकॉर्डचा केला. म्हणजे बाखसुद्धा विवाल्डीची वही उतरवून शिकला असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते, कॉपी करायचा कंटाळा करतात तेव्हा.

आता मूळ मुद्दा. आंतोनियो विवाल्डीचा जन्म व्हेनिसचा, ४ मार्च १६७८. बाळ जगेल की नाही अशी अवस्था म्हणून सुईणीनेच घरी घाईघाईत बाप्तिस्मा उरकून घेतला. बाप आधी न्हावी, मग १६८५ पासून सेंट मार्कच्या मोठ्या चर्चमध्ये व्हायोलिनवादक. बापाचे केस लाल असावेत, कारण तिथल्या नोंदीत त्याचं नाव रोसी असं लावलंय, रोसी म्हणजे लाल, आणि पोराचेही केस लाल म्हणून पुढे आंतोनियोला अख्खं गाव 'लाल पाद्री' म्हणायचं. पंधराव्या वर्षापासून धर्मशिक्षण, २५ व्या वर्षी पाद्री. छातीचा त्रास जन्मापासून, दम लागायचा, चालवत नसे, त्याने स्वतःच्या पत्रात लिहिलंय की मास म्हणजे चर्चमधली प्रार्थना म्हणताना तीनदा अर्धवट सोडून वेदीवरून उतरावं लागलं, मग म्हणणंच बंद केलं. आणि ज्या वर्षी पाद्री झाला त्याच वर्षी, १७०३ च्या सप्टेंबरात, 'पिएता'मध्ये व्हायोलिन शिकवायला लागला, पगार वर्षाला साठ डुकाट. पुढच्याच वर्षी आणखी एक वाद्य शिकवतो म्हणून चाळीस वाढवून दिले. ही तुमच्या लेखातली 'शाळा'.

पिएता १३४६ सालापासून चाललेली. व्हेनिसमध्ये अशी चार मोठी धर्मादाय घरं होती, त्यातलं हे टाकलेल्या बाळांचं. भिंतीत एक कोनाडा होता, त्यात बाळ ठेवायचं आणि निघून जायचं, आत कळायचं की कुणीतरी आलंय. कुणी गरिबीने ठेवायचं, कुणी लग्नाआधी झालं म्हणून. इमारतीच्या बाजूच्या बोळात दगडावर कोरलेला एक मजकूर आहे, १५४८ चा, पोपच्या हुकमाचा, की ज्यांना पोर पोसणं शक्य आहे तरी जे इथे आणून टाकतात त्यांना देवाचा शाप लागेल. शाप द्यावा लागत होता म्हणजे बघा किती पोरं येत असतील. आणि काही आया बाळाच्या दुपट्यात एखाद्या पदकाचा किंवा चित्राचा अर्धा तुकडा ठेवायच्या, दुसरा अर्धा स्वतःजवळ, कधी परिस्थिती बदलली तर दोन तुकडे जुळवून आपलं पोर ओळखता यावं म्हणून. ते अर्धे तुकडे अजून जपून ठेवलेत तिथे. जे उरलेत ते अर्धेच आहेत, यातच सगळं आलं. हे वाचून मला आपल्या पुण्यातलं जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ ला स्वतःच्या घरात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह आठवतं, विधवांची पोरं जगावीत म्हणून. जगात सगळीकडे लोकलाज सारखीच आणि तिची किंमत भरणारी बाळंही सारखीच.

पिएतात मुलगे मोठे झाले की कामधंद्याला लागायचे, मुली मात्र राहायच्या. बऱ्याच जणी शिवणकाम, विणकाम, स्वयंपाक, दवाखान्याचं काम बघायच्या आणि ज्यांना गळा किंवा हात आहे अशा निवडून त्यांचा वेगळा वर्ग, त्याला 'कोरो' म्हणायचे. जेमतेम चाळीस-पन्नास जणी. मोठ्या मुली लहानांना शिकवायच्या, मोठ्यांना विवाल्डीसारखे बाहेरचे गुरुजी. बाहेरच्या सधन घरच्या थोड्या मुलीही पैसे भरून शिकायला येत, त्यावरून तुमच्या लेखकाला शाळा वाटली असेल तर समजू शकते, पण जिच्यासाठी हे सगळं उभं होतं ती मुलगी कोनाड्यातली.

आडनाव नाही ना कुणाला. मग आडनावाच्या जागी वाद्य. आन्ना मारिया 'दाल व्हिओलिन', म्हणजे व्हायोलिनवाली. पेलेग्रिना ओबोवाली. प्रुदेन्सा कॉन्ट्राल्टोवाली, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजाची. दप्तरात तेनोर आणि बास या पुरुषी पट्ट्या लावलेल्या मुलींचीही नावं आहेत, कारण आत पुरुष गायकाचं कामच नव्हतं, सगळे आवाज मुलींचेच. लोक रविवारी आणि सणावारी ऐकायला यायचे, राजेरजवाडे, परदेशी प्रवासी, आणि मुली वरच्या गॅलरीत लोखंडी जाळीच्या मागे. आवाज खाली यायचा, चेहरा दिसायचा नाही. १७३९ ला शार्ल द ब्रॉस नावाचा एक फ्रेंच गृहस्थ व्हेनिसला आला होता, त्याने घरी पत्रात लिहिलंय की या मुली व्हायोलिन, बासरी, ऑर्गन, ओबो, चेलो, बसून नावाचं मोठं फुंकवाद्य, सगळं वाजवतात, कितीही मोठं वाद्य असो त्यांना भीती म्हणून वाटत नाही. आणि पांढऱ्या कपड्यातली एखादी तरुण पोर कानावर डाळिंबाच्या फुलांचा गुच्छ खोवून ताल धरत सगळा ऑर्केस्ट्रा चालवते, याच्यासारखं देखणं काही नाही म्हणतो तो. डाळिंबाची फुलं! हे वाचल्यापासून मला विवाल्डी ऐकताना तीच दिसते.

त्या आन्ना मारियाबद्दल थोडं सांगते कारण तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय विवाल्डीचं करिअर अर्धंच राहतं. तान्ही असताना आली. व्हायोलिनशिवाय चेलो, ओबो, मँडोलिन, ल्यूट, हार्पसिकॉर्ड, व्हियोला द आमोरे इतकी वाद्यं वाजवायची. तिची स्वतःची वही आहे, व्हेनिसच्या संगीत विद्यालयात ठेवलेली, तिच्यात तिने वाजवायच्या कॉन्चेर्टोंचे फक्त व्हायोलिनचे पार्ट, तीसेक तरी, आणि त्यातले बहुतेक विवाल्डीचे. ते अवघड आहेत हो. माझे हात तिथे चालत नाहीत, वरच्या पोझिशनमध्ये तारा ओलांडत ज्या उड्या त्याने लिहिल्यात त्या वाजवणारी मुलगी समोर असल्याशिवाय कुणी लिहीतच नाही. गुरुजींनी अवघड लिहिलं, तिने वाजवलं, मग त्यांनी आणखी अवघड लिहिलं, असंच झालं असणार. पुढे ती स्वतः शिक्षिका झाली आणि १७८२ साली, ऐंशी ओलांडून, त्याच घरात गेली. विवाल्डीनंतर एकेचाळीस वर्षं. तुमच्या लेखात तिचं नाव नाही.

ट्रस्टी लोकांचा भाग मला वाचताना फार ओळखीचा वाटला. पिएता चालवणारं मंडळ होतं सरदार घराण्यातल्या लोकांचं, आणि ते गुरुजींना ठेवायचं की नाही यावर दर वर्षी मतदान घ्यायचे. १७०९ ला विवाल्डीच्या विरोधात सात आणि बाजूने सहा मतं पडली, एका मताने घरी. दोन वर्षं त्याच्याशिवाय काढली मग १७११ ला एकमताने परत बोलावला. १७१६ ला वाद्यवृंदाचा प्रमुख केला. १७२३ ला तो ऑपेराच्या, म्हणजे गाऊन करायच्या नाटकांच्या, कामासाठी सारखा गावोगावी फिरायला लागल्यावर ठराव झाला की महिन्याला दोन कॉन्चेर्टो लिहून द्यायचे, एकाला एक सोन्याचं नाणं, आणि गावात असेल तेव्हा मुलींच्या तालमी स्वतः येऊन घ्यायच्या. पुढच्या काही वर्षांत १४० कॉन्चेर्टोंचे पैसे दिल्याची नोंद हिशेबात आहे. मला यातलं सगळ्यात मोलाचं हे वाटतं की संगीत तिथे 'उपक्रम' नव्हतं. गुरुजींचा पगार, वाद्यं, नवीन रचना, याला दरसालचा पैसा ठरलेला. आणि त्या संगीतामुळे देणग्या यायच्या, लोक मृत्युपत्रात पिएताच्या नावाने ठेवून जायचे, म्हणजे ज्यांना गावाने टाकलं त्या मुलीच घराला कमवून देत होत्या.

१७१६ चंच बघा. तेव्हा व्हेनिसची तुर्कांशी लढाई चालू, ग्रीसजवळच्या कोर्फू बेटाचा वेढा नुकताच उठलेला, सगळ्या गावात जल्लोष, आणि विवाल्डीने पिएतासाठी 'युदिथा ट्रियुम्फान्स' लिहिलं, बायबलमधली विधवा युदिथा शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत जाऊन त्याचं डोकं उडवते ती कथा. पाच पात्रं आणि पाचही मुलींनी गायली, सेनापती होलोफर्नीससुद्धा. एका गाण्याला साथीला मँडोलिन, दुसऱ्याला शालुमो, म्हणजे क्लॅरिनेटचं पूर्वीचं रूप, शिवाय ट्रम्पेट, नगारे, सगळं मुलींच्या हातात. राज्याच्या विजयाचं संगीत कुणी गायलं, तर कोनाड्यात सोडलेल्यांनी. मी रेकॉर्डिंग ऐकते तेव्हा दर वेळेला मँडोलिनच्या गाण्याला थांबते आणि परत लावते.

ऑपेरांचं मी थोडक्यात आटपते, त्याबद्दल तुमच्या लेखात आलंय. १७१३ ला पहिला ऑपेरा विचेन्झा गावात, मग व्हेनिसच्या थिएटरात लेखक, व्यवस्थापक, सगळंच. पैसा भरपूर कमावला आणि भरपूर घालवला. आन्ना जिरो नावाच्या गायिकेवरून लोक बोलायचे, १७३७ ला फेराराच्या कार्डिनलने मास म्हणत नाही आणि त्या बाईशी मैत्री ठेवतो म्हणून त्याला शहरात यायलाच बंदी केली, ठरलेला सगळा सीझन बुडाला, तेव्हाच त्याने ते छातीच्या दुखण्याचं पत्र लिहिलं. तेवढ्यात व्हेनिसची आवडही बदलली. तो फ्रेंच पाहुणा पण लिहितो की म्हातारा इतक्या वेगाने लिहितो की नक्कल करणारा मागे पडेल, पण गावात त्याला पाहिजे तसा मान राहिला नाही. १७४० ला व्हेनिस सोडण्याआधी वीस कॉन्चेर्टो त्याने विकले, कुणाला, तर पिएतालाच. गाव सोडतानाचं गिऱ्हाईकही त्या मुलीच. मग व्हिएन्नाला गेला, ज्याच्या भरवशावर गेला त्या सम्राटाचंच ऑक्टोबरात निधन झालं, दुखवट्यात थिएटरं बंद. २८ जुलै १७४१ ला एका खोगीर बनवणाऱ्याच्या विधवेच्या घरात भाड्याने राहत असताना वारला, त्याच दिवशी इस्पितळाच्या दफनभूमीत साध्यात साधा अंत्यविधी. ती दफनभूमीही आता नाही, तिथे व्हिएन्नाचं टेक्निकल विद्यापीठ उभं आहे.

आणि त्यानंतरचं तुमच्या लेखात एका ओळीत आहे, "विसाव्या शतकात त्याचा पुन्हा शोध लागला", ते कसं लागला तेही सांगण्यासारखं आहे. १९२६ ला इटलीत मोन्फेर्रातो भागातल्या एका पाद्र्यांच्या विद्यालयाला इमारत दुरुस्तीला पैसे हवे होते, जुनी हस्तलिखितं विकायला काढली, किंमत काढायला तुरिनच्या लायब्ररीला विचारलं. आल्बेर्तो जेंतिली नावाच्या प्राध्यापकांनी गठ्ठे सोडले तर आत चौदा खंड नुसत्या विवाल्डीचे, त्याच्या हातचे. लायब्ररीकडे पैसे नाहीत. तेव्हा रोबेर्तो फोआ नावाच्या माणसाने पैसे दिले, त्यांचा लहानगा मुलगा माउरो गेला होता, त्याच्या नावाने. मग लक्षात आलं की हा अर्धाच संग्रह आहे, उरलेला जेनोवाच्या एका सरदार घराण्याकडे, तो मिळवायला १९३० उजाडलं आणि तेव्हा पैसे दिले फिलिप्पो जोर्दानोंनी, त्यांचाही लहान मुलगा रेन्झो गेलेला. आज तुरिनमध्ये ते सत्तावीस खंड त्या दोन बाळांच्या नावाने ओळखले जातात, फोआ आणि जोर्दानो. १९३९ ला सिएनाला विवाल्डी सप्ताह झाला तिथून ते संगीत जगात गेलं. ज्यांना आईबाप नव्हते त्यांच्यासाठी लिहिलेलं संगीत, ज्यांना पोरं उरली नाहीत त्या आईबापांनी वाचवलं. दोन अर्धे तुकडे जुळले की नाही शेवटी. हे लिहितानासुद्धा माझा गळा दाटून येतो.

आता हे सगळं मी तुम्हाला का लिहितेय ते सांगते. रिटायर व्हायच्या आधीपासून मी मुंबईतल्या एका बालगृहात, नाव लिहीत नाही, दर शनिवारी सकाळी मुलींना व्हायोलिन शिकवायला जात होते. तीन अर्ध्या साईजची व्हायोलिनं मी स्वतः लॅमिंग्टन रोडच्या बाजूला जुन्या बाजारात फिरून घेतली होती, एकाची मान चिकटवलेली. गजाला राळ किती लावायची हे शिकवण्यात पहिला महिना जातो, मुलींना ती राळेची मधाच्या रंगाची वडी इतकी आवडायची की उजेडात धरून बघत बसायच्या. बोटं कुठे ठेवायची तिथे पातळ चिकटपट्ट्या लावल्या होत्या, सहा महिन्यांनी एकेक पट्टी काढायची, पट्टी निघाली की त्या दिवशी ती मुलगी सगळ्यांना दाखवत सुटायची. त्यातली एक, नऊ-दहा वर्षांची. अशा मुलींची नावं छापायला कायद्यानेच मनाई आहे आणि ते योग्यच आहे. पण बाकीच्या मुली तिला काय म्हणायच्या माहितीय का, 'वायलिनवाली'. मला पिएताच्या नोंदी तेव्हा माहीत नव्हत्या. नंतर कुठेतरी 'दाल व्हिओलिन' वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले.

जुलैतला एक शनिवार, वर पत्रा, पाऊस असा की आमचं आम्हाला ऐकू येईना. म्हटलं आज वाजवायचं नाही, ऐकायचं, आणि मोबाईलवर फोर सीझन्समधल्या हिवाळ्याचा मधला संथ भाग लावला, स्पीकर कानाजवळ. त्यात एक व्हायोलिन लांब शांत सूर गातं आणि बाकीची व्हायोलिनं गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, ते पावसाचे थेंब. विवाल्डीने १७२५ ला हे छापलं तेव्हा प्रत्येक ऋतूबरोबर एकेक सॉनेटही, म्हणजे चौदा ओळींची कविता, छापलं होतं, कुठल्या ओळीला कुठलं वाजवणं ते स्वरांवरच लिहून, वसंतात गुराखी झोपलाय आणि व्हियोला कुत्र्यासारखा भुंकतोय तिथपर्यंत सगळं. तर या भागाची ओळ अशी आहे की आपण शेकोटीपाशी निवांत बसावं आणि बाहेर पाऊस शंभर जणांना भिजवत असावा. मी ते मुलींना मराठीत सांगितलं. वायलिनवाली जरा थांबली आणि म्हणाली, "बाई, मग ती बाहेरची शंभर जणं कुठे जातात?" इतक्या वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, माहीत नाही गं. ती म्हणाली परत लावा.

दोन वर्षांपूर्वी तिथले व्यवस्थापक बदलले आणि क्लास बंद झाला. हॉल कॉम्प्युटरसाठी लागतो, आणि "या मुलींना पोटापाण्याचं काहीतरी शिकवायला हवं, व्हायोलिन शिकून काय होणार" असं मला सांगितलं. कॉम्प्युटर शिकवावाच, मी विरोधात नाही, अठरा वर्षं झाली की या मुलींना संस्थेतून बाहेर पडावं लागतं, पुढे अनुरक्षण गृह, म्हणजे संस्थेनंतरचा निवारा, मिळालं तरी साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, मग स्वतःच्या पायावर. पण पोटापाण्याचं म्हणता तर याच मुंबईत माझ्या सरांसारख्या किती जणांनी व्हायोलिनवर घर चालवलं. गोव्याच्या खेड्यापाड्यातल्या चर्चच्या शाळांत गरिबांच्या पोरांना सोल्फेज, म्हणजे नोटेशन वाचून स्वर गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचे, त्यातलीच पोरं पुढे दादर-ताडदेवच्या स्टुडिओंत बसली आणि आपण ज्याला हिंदी सिनेमाचं संगीत म्हणतो त्यातला तारांचा सगळा आवाज त्यांचा. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते त्यांच्याकडे. आज नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. बालगृहातली मुलगी तिथपर्यंत पोचणार नाही असं ठरवणारे आपण कोण.

पिएता स्वर्ग होता असं मी म्हणत नाही, ती जाळी मला आवडत नाही, आणि लग्न करून बाहेर पडणाऱ्या मुलीला यापुढे लोकांसमोर गाणार-वाजवणार नाही असं लिहून द्यावं लागायचं हे वाचून तर संताप येतो. आज गावात प्रवाशांना जे 'विवाल्डीचं चर्च' म्हणून दाखवतात तेही त्याच्या मृत्यूनंतर, १७६० ला पूर्ण झालं, त्या मुली ज्या जागेत वाजवायच्या ती ही नव्हेच. इतकं सगळं त्यांच्यावरून पुसलं गेलंय. म्हणून तुमच्या त्या एका वाक्यासाठी एवढा आटापिटा केला. पुढच्या रविवारी चौकटीत दुरुस्ती द्या, 'मुलींची शाळा' नाही, 'टाकलेल्या मुलांचं अनाथालय', आणि जमलं तर आन्ना मारियाचं नाव द्या.

आणि एक. मुंबईत, ठाण्यात, कुठेही कुणी बालगृह चालवत असेल आणि शनिवारी सकाळी दोन तास एक खोली देऊ शकत असेल तर पेपरच्या ऑफिसातून माझा पत्ता घ्या. पैसे नकोत. ती तीन व्हायोलिनं माझ्या कपाटात आहेत, गेल्या आठवड्यात दोघांना नवीन तारा चढवल्यात, तिसऱ्याची घोडी बदलायची आहे ती या रविवारी होईल. राळेची वडी अर्धी शिल्लक आहे.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका,
परळ, मुंबई